चक्की चालते, पोरगं का नाही? धुळ्याच्या एका गल्लीतलं कानबाईचं प्रकरण

हे प्रकरण लिहून काढतेय कारण दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यानं आपल्या सणात यावं की नाही हा विषय निघाला की लोक एकतर 'आपण सगळे एकच' म्हणून मोकळे होतात नाहीतर 'ज्याचं त्यानं करावं' म्हणून दार लावून घेतात. मधलं जे खरं काम असतं, म्हणजे यायचं तर कुठपर्यंत यायचं, ते कोणी सांगायचं आणि कधी सांगायचं, त्यावर कुणी बोलतच नाही. नावं कुणाची देत नाहीये. दोन्ही घरांना विचारून लिहितेय, दोन्हीकडच्या बायकांनी वाचून काही वाक्यं बदलायलाही लावली, ती बदललीत.

जागा धुळ्यातली, देवपुरातली जुनी गल्ली. मधोमध पिठाची चक्की, ती एका पिंजारी कुटुंबाची. चाचांचे वडील कापूस पिंजायचे, गाद्या-रजया भरून द्यायचे, पुढं गाद्या रेडिमेड मिळायला लागल्या तसं चाचांनी चक्की टाकली. चाची शिरपूरकडच्या खेड्यातली, अहिराणी अशी बोलते की फोनवर ऐकलं तर कुणाला सांगून खरं वाटणार नाही ही बाई रोजे ठेवते म्हणून. समोरच्या घरात जिला अख्खी गल्ली माय म्हणते ती, तीन मुलगे, सुना, नातवंडं, आणि दरवर्षी श्रावणात भाऊबंदकीसकट, म्हणजे कुळातल्या सगळ्या घरांसकट, कानबाई.

खान्देशाबाहेरच्यांसाठी थोडं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी कानबाई ही देवी घरात बसते. चौरंगावर कलश, कलशावर नारळ, नारळाला डोळे, नथ, दागिने, बाजूला केळीचे खांब, रात्रभर अहिराणी गाणी आणि जागरण, आणि सोमवारी बायका डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात, आमच्याकडे पांझरेवर. गल्लीगल्लीतून कानबाया निघतात, फुगड्या होतात. सुरतला नाशिकला गेलेले खान्देशी लोक तिकडंही बसवतात, पण ज्यांना जमतं ते सुट्टी काढून घरी येतात, कारण ही भाऊबंदकीची देवी आहे, भाऊ एकत्र आले तरच तिला अर्थ.

आणि तिचा जीव असतो रोटांत. घरातल्या माणसामागं सव्वा मूठ असे गहू मोजून घेतात (कुठं फक्त पुरुष मोजतात, प्रत्येक घरचं माप वेगळं), ते निवडून, वेगळे दळून त्याचे रोट करायचे, पुरणाचे. सोबत खीर, कटाची आमटी, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. नैवेद्य झाला की रोट खायचे ते फक्त भाऊबंदांनी. शेजारी कितीही जवळचा असो, जातीचा असो, त्याला रोट मिळत नाही. उरलेले पौर्णिमेच्या आत घरातच संपवायचे. आमच्याही घरी कानबाई बसते, मायच्या घराला आमची भिंत लागून आहे, आणि मी आजपर्यंत मायच्या घरचा रोट चाखलेला नाही, तिनं आमचा नाही.

रोटांचं दळण वेगळं असतं हे लक्षात ठेवा. चाचा आदल्या दिवशी दुपारनंतर बाकीचं दळण घेत नाहीत. चक्की उघडून पाटे साफ करतात, पीठ पडायची कापडी नळी धुऊन वाळवून बांधतात, आधी मूठभर गहू फिरवून ते पीठ बाजूला काढतात आणि मगच पहिल्या घरचे गहू टाकतात. हे त्यांना कुणी सांगत नाही. रोटाच्या दळणाचे पैसेही घेत नाहीत. माझ्या लग्नाच्या आधीपासून हे असंच चालत आलंय, त्यामुळं चक्कीवालं घर सणात 'सहभागी' होतं का असा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नव्हता.

आता घडलं काय ते.

चाचांचा मुलगा लग्नानंतर सुरतला कापड मार्केटमध्ये होता. चाचांचे गुडघे गेल्यावर तो बायको-पोराला घेऊन परत आला आणि चक्कीवर बसायला लागला. सून मालेगावची, उर्दू माध्यमातून बी.एड. झालेली, मराठी स्वच्छ बोलते, हिशेबात पक्की. पोरगं साडेचार वर्षांचं आणि दिवसभर मायच्या नातवंडांत. ही सुनेची धुळ्यातली पहिली कानबाई. मायनं स्वतः जाऊन बोलावलं, 'ये वं बेटा, देवी पाहाले ये'. सून नवा ड्रेस घालून आली, दारापाशी बायकांत उभी राहिली, कुंकू लावायला एक मुलगी पुढं आली तेव्हा तिनं हसून नको म्हटलं, तेही कुणाला खटकलं नाही. चाची तेव्हा घरी मगरिबच्या नमाजला गेलेली.

आत भाऊबंदांची पंगत बसली. पोरगं रोजच्या सवयीनं दोस्तांच्या मधे जाऊन बसलं. मायची सून भराभर वाढत होती, तिनं पाहिलं नाही, पोराच्या ताटलीत रोटाचा तुकडा पडला, त्यानं तो उचलला, आणि मायची नजर गेली. माय एकदम 'नको नको, ते नको खाऊ' करत आली, हातातला तुकडा काढून घेतला आणि त्याला बखोटीला धरून पंगतीतून उठवलं. जोरात नाही, पण सगळ्यांसमोर. पोरगं रडायला लागलं. चक्कीची सून दारातून सगळं बघत होती. तिनं त्याला उचललं आणि घरी गेली, जाताना एवढंच म्हणाली, 'आटा हमारा चलता, बच्चा नहीं चलता?'

हे वाक्य त्या रात्री गल्लीत सगळ्यांनी ऐकलं, आणि खरं सांगायचं तर त्याला लगेच उत्तर देता येईल असं आमच्यापैकी कुणाकडं काही नव्हतं.

सोमवारी चाची नेहमीसारखी विसर्जनाला आली, सून आली नाही, चक्की दुपारपर्यंत बंद. मग आठवडाभर मायच्या घरचा डबा चक्कीवर गेला की 'लाईट नाहीये', 'नंतर आणा' असं सुरू झालं. आणि गल्लीत दोन गोष्टी फिरायला लागल्या. एकीकडे, मुसलमानाचं पोरगं म्हणून पंगतीतून हाकललं. दुसरीकडे, मुद्दाम रोटाला हात लावून बाटवला. दोन्ही खोट्या. पण ज्या शहरानं 2008 ची दंगल पाहिलीय आणि 2013 च्या जानेवारीत परत पाहिलीय, तिथं अशा गोष्टीला 'बायकांचं भांडण' म्हणून सोडून देता येत नाही. मला त्या दोन्ही गोष्टी दूध डेअरीवर एकाच सकाळी ऐकायला मिळाल्या, सांगणारे दोघं ना मायच्या घरचे ना चक्कीच्या, तिसऱ्याच गल्लीतले.

आता मायच्या बाजूनं बघा. तिच्या डोक्यात धर्म हा विषयच नव्हता, असं मी तिला ओळखून म्हणते. तिचा मोठा मुलगा लहानपणी दुखण्यातून उठेना तेव्हा तिनं मोहरमात नवस बोलून त्याला फकीर केलं होतं, गळ्यात हिरवा गंडा बांधून सवारीपुढं नेलं होतं. तिला कुणी विचारलं नाही तू हिंदू, तुझं इथं काय. रोटाचा नियम तिच्या लेखी कुळाचा नियम आहे, मोडला तर घराला लागतं ही तिची भीती. माझं पोरगं पंगतीत बसलं असतं तर तिनं त्यालाही उठवलं असतं, माझ्या पोराला ते माहीत होतं म्हणून ते बसलं नाही, बस एवढाच फरक.

सुनेच्या बाजूनं बघा. तिला भाऊबंदकीचा नियम कुणी सांगितलाच नाही. तिनं पाहिलं ते असं, की पंगतीत दहा-बारा पोरं आहेत आणि उठवलं फक्त माझ्या पोराला. त्या दहा-बारा पोरांचं आडनाव एक आहे हे दारातून दिसत नाही. आणि जिचा धर्म रोज कुठं ना कुठं मोजला जातो, भाड्यानं घर बघताना, नोकरीच्या मुलाखतीत, तिला अशा वेळी दुसरं कारण सुचणार कसं? तिची चूक मी अजिबात धरत नाही.

यात एक तिसरी बाजू होती, चाची. चाचीनं पस्तीस-चाळीस वर्षं कानबाईची गाणी म्हटलीत, कानबाईच्या वाटेवर सडा टाकलाय, पण रोट कधी खाल्ला नाही आणि आरतीच्या वेळी हात जोडले नाहीत, ती तेव्हा बाहेर ओट्यावर येऊन बसते. हे मायला माहीत, चाचीला माहीत, आणि दोघींनी ते कधीच तोंडानं ठरवलेलं नाही. सुनेला का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाली, 'उसमें बताने जैसा क्या था'. माझ्या मते सगळं प्रकरण इथं अडकलंय. दोन म्हाताऱ्यांच्या डोळ्याडोळ्यांत ठरलेला करार होता, पुढच्या पिढीला तो कुणी वाचून दाखवला नाही.

राखीपौर्णिमा झाल्यावर चाचीच सुनेला घेऊन मायकडं आली. मायनं मलाही हाक मारली. सुरुवातीला माय नियम सांगत राहिली आणि सून ऐकत राहिली, त्यानं काही होईना. मग मायनं एकदम स्वतःच्या लेकीचं काढलं. 'मन्ही आंडेरले बी देत नही वं मी, तुले काय सांगू.' म्हणजे मायची लेक, लग्न होऊन पारोळ्याला दिलेली, तिलाही या घरात रोट मिळत नाही, ती आता दुसऱ्या कुळाची. लेक त्या रविवारी आलेली होती, दारातल्या बायकांत सुनेच्या मागंच उभी होती. सुनेचा चेहरा तिथं बदलला. (हा लेकीचा नियम मला स्वतःला पटत नाही, ज्या घरात ती जन्मली त्या घरच्या घासावर तिचा हक्क असायला हवा. पण ते वेगळं भांडण आहे आणि ते आम्हा कानबाई बसवणाऱ्या बायकांनी आमच्या घरात भांडायचंय.)

मग सुनेनं जे सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ती म्हणाली, नैवेद्य मी पण त्याला खाऊ दिला नसता. कुराणात अल्लाहशिवाय दुसऱ्याच्या नावानं अर्पण केलेल्या जनावराचं मांस मना आहे आणि बरेच उलेमा तोच नियम देवापुढं ठेवलेल्या नैवेद्यालाही लावतात, माझ्या माहेरी तसंच पाळतात. मी आत येऊन त्याला उचलणारच होते. पण मी उचललं असतं तर तो माझ्या घरचा नियम झाला असता, तुम्ही उचललं तर ते त्याला हाकलणं झालं.

मायला हे लगेच कळलं. तिला ते आमच्यापेक्षा आधी कळलं असं मला वाटलं, कारण तिच्याकडं याचं तयार उदाहरण होतं. चक्कीच्या घरून ईदला मायकडं कधीच शिजवलेला शीरखुर्मा येत नाही. माय माळकरी, ज्या भांड्यात मटण शिजतं त्यातलं खात नाही. म्हणून चाची कोऱ्या पिशवीत कोरड्या शेवया, साखर, खारीक, चारोळी आणि न उघडलेली दुधाची पिशवी आणून देते आणि माय स्वतःच्या चुलीवर करते. यात आजवर कुणी म्हटलेलं नाही की आमचं शिजवलेलं हिला चालत नाही म्हणजे ही आम्हाला हलकं समजते. कारण ते पहिल्या ईदलाच मोकळं बोलून झालेलं आणि अडचणीवर वाटही काढलेली. रोटाच्या बाबतीत अडचण होती, वाट कुणी काढली नव्हती.

ती त्या दिवशी काढली. ठरलं असं, की गल्लीतली जी पोरं मायच्या भाऊबंदकीतली नाहीत त्या सगळ्यांची, म्हणजे माझी, वाण्याची, चक्कीची, पंगत बाहेर ओट्यावर. त्यांच्या पुरणपोळ्या रोटाच्या पिठाच्या नाहीत, रोजच्या गव्हाच्या, आणि त्या नैवेद्य दाखवायच्या आधी काढून ठेवायच्या. मायचं कुळ सांभाळलं जातं, सुनेचा धर्म सांभाळला जातो, आणि कुठलंच पोरगं एकटं पडत नाही. शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. नुसतं चक्कीच्या पोराला वेगळं ताट दिलं असतं तर नियम पाळला गेला असता आणि पोरगं परत एकटंच वेगळं दिसलं असतं.

एक मात्र आवर्जून सांगायचंय. कुणी म्हणेल इतकं कशाला, जळगावच्या रथाला बघा, 1872 पासून रामाचा रथ निघतो आणि भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबून चादर चढवली जाते. इथं धुळ्यात बघा, ज्या मशिदीपुढं 1895 मध्ये रक्त सांडलं तिथंच खुनी गणपतीच्या मिरवणुकीवर मुस्लिम बांधव फुलं उधळतात. यावल-रावेरकडचे तडवी बघा, इस्लाम पाळतात आणि आदिवासी चालीरीतीही जपतात. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण रथ, गणपती हे रस्त्यावरचे सण आहेत, तिथं कुणी कुठं उभं राहायचं, कुणाचा मान कोणता, हे वर्षानुवर्षं ठरलेलं आणि सगळ्यांना दिसणारं असतं. कुळाचार घरातला असतो. तिथला नियम उंबऱ्याच्या आत असतो आणि बाहेरच्याला तो ठेच लागल्यावरच कळतो. म्हणून घरात बोलावणाऱ्यावर जास्त जबाबदारी, आणि ती बोलावतानाच पार पाडायची. 'ये, गाणी ऐक, फुगडी खेळ, आरतीला बाहेर बसलीस तरी चालेल, रोट मात्र आमच्या भाऊबंदांशिवाय कुणालाच देत नाही' एवढं बोलायला एक मिनिट लागतं.

येणाऱ्यानंही सांगावं. कुंकू नको, हात जोडणार नाही, नैवेद्य घेणार नाही. सुनेनं कुंकवाला नको म्हटलं तेव्हा त्या मुलीला वाईट वाटलं नाही, कारण सांगणं साधं आणि वेळेवर होतं. गप्प राहून सगळं करून घेतलं आणि घरी जाऊन मनाला लावून घेतलं तर त्यात यजमानाचाही मान राहत नाही.

या श्रावणात, म्हणजे हे ठरल्यानंतरच्या कानबाईला, वेगळंच निघालं. सून आली, ओट्यावर पोरांना वाढायला पण लागली, नंतर चाचीनं ओढली म्हणून फुगडी खेळली. गल्लीतल्या एका पोरानं त्याचा व्हिडिओ काढून 'हीच खरी एकता' असं लिहून टाकला. रात्रीपर्यंत तो मालेगावला तिच्या माहेरी पोचला, भावाचे फोन, मामाचे फोन. इकडं काही जणांनी खाली शिव्याही लिहिल्या. त्या पोराच्या मनात वाईट नव्हतं, पण एक बाई शेजारणीच्या घरी आली होती, तिला त्यानं फलक करून टाकलं. मायच्या नातवानं त्याच रात्री जाऊन तो काढायला लावला. यापुढं कानबाईत फोटो-व्हिडिओ काढायचा तर ज्याचा काढतोय त्याला विचारून, हे मायनं दारावर खडूनं लिहून घेतलंय. दुसऱ्या धर्माच्या माणसाचा आपल्या सणातला फोटो टाकायची घाई सगळ्यांनीच सोडायला हवी, त्याची किंमत आपण नाही, तो मोजतो.

विसर्जनाला सून गल्लीच्या तोंडापर्यंतच आली, चाची पांझरेपर्यंत गेली. घरात दोघींचं यावर एकमत नाही आणि ते त्यांचं त्या बघतील. चक्की मात्र आता सूनही सांभाळते. यंदा रोटाच्या दळणाआधी चाचांनी बसल्याजागून सांगितलं आणि पाटे तिनं पुसले.

आणि ओट्यावरच्या पंगतीत यंदा पोरांच्या शेवटी एक मोठं माणूस पण बसलं, मायची पारोळ्याची लेक. म्हणाली, मी पण भाऊबंदकीत नाही ना, मग मी इथंच बसते. मायला ते लागलं, ती काही बोलली नाही. दिवाळीत तिन्ही भाऊ घरी येतील तेव्हा लेकींच्या रोटाचा विषय काढणार असं लेक मला सांगून गेलीय, आणि मी तिच्यासोबत बसणार आहे.